गाडीचं ऑइल गावातच बदलायचं? मग आधी एवढं तपासा

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी न्यायची तर नांदेड, नाहीतर हिंगोली. सकाळी निघा, गाडी लावा, दिवसभर बाकड्यावर बसा, संध्याकाळी बिल पाहून दचका आणि अंधारात परत या. शिरड शहापूर, औंढा, वसमत या पट्ट्यातले गाडीवाले म्हणूनच पुन्हा पुन्हा एकच विचारतात: ऑइल इथंच, गावातल्या मेकॅनिककडं किंवा घरच्या अंगणात बदललं तर चालतं का? या प्रश्नाच्या पोटात आणखी चार असतात. वॉरंटी जाते का? कुठलं ऑइल टाकायचं? नव्या गाडीला हे जमतं का? आणि मेकॅनिक म्हणतो ते खरं धरायचं की गाडीसोबतच्या पुस्तिकेतलं?

थोडक्यात सांगायचं तर, बहुतेक पेट्रोल गाड्यांना हे चालतं आणि जमतंही. खालचा बोल्ट काढायचा, जुनं ऑइल सोडायचं, फिल्टर बदलायचा, नवं ओतायचं; हे काम वीस वर्षांपूर्वी होतं तेवढंच आज आहे. फरक पडलाय तो चूक झाली तर मोजाव्या लागणाऱ्या किमतीत. जुन्या कमांडर जीपला किंवा ॲम्बेसिडरला हाताशी असेल ते ऑइल खपून जायचं. एप्रिल २०२० नंतरच्या, म्हणजे बीएस-६ गाडीला ते खपत नाही. डिझेल असेल तर एका चुकीच्या डब्याचा खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो.

आधी वॉरंटीचे कागद काढा

वॉरंटी संपली असेल तर हा भाग सोडून पुढं जा. संपली नसेल तर नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथंच आहेत.

“बाहेर हात लावला की वॉरंटी खलास,” असं काउंटरवरचा माणूस सांगतो. ते जसंच्या तसं खरं नाही. भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत, हा ठपका होता. स्वतंत्र मेकॅनिककडं काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द, अशी अट घालू नये; बाहेरच्या चुकीच्या कामामुळं जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल, असंही त्या आदेशात होतं. कंपन्या अपिलात गेल्या, २०१६ मध्ये तिघांचा दंड कमी झाला आणि वाद पुढं वर गेला. त्यामुळं तो आदेश खिशात घालून सर्व्हिस सेंटरवर भांडायला जाण्यात फारसा अर्थ नाही. तत्त्व मात्र लक्षात ठेवा: दरवाजाची काच चालेना आणि कंपनी म्हणाली “तुम्ही ऑइल बाहेर बदललं”, तर ते कारण टिकणारं नाही. इंजिनच बिघडलं, तर मात्र योग्य ऑइल वेळेवर टाकलं होतं हे कागदांनी दाखवायची वेळ तुमच्यावर येईल.

माझं मत विचाराल तर:

- गाडी कंपनीच्या मूळ वॉरंटीत आहे, तोवर ठरलेली सर्व्हिसिंग अधिकृत सेंटरलाच करा. सुरुवातीच्या मोफत सर्व्हिसिंगमध्ये सहसा मजुरीच मोफत असते, ऑइल-फिल्टरचे पैसे लागतातच. तरी नोंद कंपनीच्या संगणकात राहते, ती मोलाची.
- जादा पैसे भरून वाढीव वॉरंटी घेतली असेल तर तिच्या अटी वेगळ्या असतात. “सर्व सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रात” ही ओळ त्यात आहे का, ते शोधा.
- दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये, धुळीतल्या वापरामुळं एखाद्या वेळी जादा ऑइल बदलायचं असेल तर ते गावात करायला हरकत नाही. बिल मात्र घ्या. त्यावर गाडीचा नंबर, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड नि फिल्टर लिहून घ्या. डब्यावरच्या बॅच नंबरचा आणि मीटरचा फोटो काढून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे.

कधी बदलायचं?

बहुतेक पेट्रोल गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, यातलं जे आधी येईल ते. “जे आधी येईल ते” हे शब्द आपल्याकडं कुणी वाचत नाही. गावातली खासगी गाडी वर्षाला चार-पाच हजारच फिरते, म्हणून दोन-दोन वर्षं ऑइल तेच राहतं. ऑइल डब्यात टिकतं, इंजिनात टिकत नाही. घरापासून शेतापर्यंत आणि शेतापासून घरी, एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीचं इंजिन पुरतं तापतच नाही. आत साठणारी वाफ आणि न जळालेलं इंधन ऑइलात मिसळून राहतं. अशा गाडीला वर्षाची मुदत पाळणं जास्त गरजेचं.

पुस्तिकेत खडतर वापराचं एक वेगळं कोष्टक असतं. धुळीचे रस्ते, सतत छोट्या फेऱ्या, जड ओझं. आपला वापर त्यातच बसतो, आणि बऱ्याच गाड्यांना तिथं ऑइलची मुदत निम्मी दिलेली असते. हळद काढणीच्या दिवसांत शेतरस्त्यानं गाडी रोज फिरत असेल तर ऑइलच्या आधी एअर फिल्टर उघडून पाहा. धूळ फिल्टर ओलांडून आत गेली तर सगळ्यात चांगलं ऑइलही इंजिन वाचवत नाही.

रंगावरून ठरवू नका. डिझेलचं नवं ऑइल काही शे किलोमीटरांत काळं पडतं, कारण ते काजळी धरून ठेवण्याचं आपलं काम करत असतं. दोन गोष्टींना मात्र घाबरायचं: ऑइल मोजायच्या पट्टीवर किंवा झाकणाच्या आत दुधाच्या चहासारखा फेसाळ थर दिसला तर कूलंट ऑइलात मिसळत असण्याची शक्यता आहे (फार छोट्या फेऱ्यांनी, विशेषतः थंडीत, झाकणाला थोडा थर धरतो, तो वेगळा; पट्टीवर दिसला तर गाडी चालवू नका). आणि चमचमणारे धातूचे कण दिसले तर मेकॅनिकला दाखवल्याशिवाय पुढं जाऊ नका.

कुठलं ऑइल? इथं घोळ होतो

आपल्या भागातल्या गॅरेजात सगळ्यात जास्त खपतं ते १५डब्ल्यू-४०, कारण ट्रॅक्टर, पिकअप, जुन्या जीपा त्यावर चालतात. मेकॅनिकच्या हाताशी तोच डबा असतो, आणि “उन्हाळ्यात जाड ऑइलच बरं, पातळ टिकत नाही” हे त्याचं पक्कं मत असतं. तो फसवत नसतो. पंचवीस वर्षं ज्या इंजिनांवर काम केलं त्यांच्यासाठी ते बरोबरच होतं.

नव्या पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-१६, ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० असं पातळ ऑइल लागतं. पहिला आकडा थंड इंजिनात ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, दुसरा तापलेल्या इंजिनात ते किती दाट राहतं ते. हा दुसरा आकडा १०० अंश तापमानाला मोजलेल्या दाटपणावर ठरतो. बाहेर मे महिन्यात ४३ अंश असो की डिसेंबरात १२, थर्मोस्टॅटमुळं चालू इंजिनाचं पाणी साधारण ९० अंशांच्या आसपासच राहतं. म्हणजे मराठवाड्याच्या उन्हासाठी म्हणून जाड ऑइल टाकायचं कारण उरत नाही. एखाद्या कंपनीनं पुस्तिकेत हवामानानुसार दोन-तीन ग्रेड दिले असतील तर त्यातला निवडा. त्याबाहेर जाऊ नका. नव्या इंजिनातल्या ऑइलच्या वाटा बारीक असतात, व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणाही ऑइलच्या दाबावर चालते. जाड ऑइल सकाळी तिथं उशिरा पोचतं, ॲव्हरेजही थोडं घसरतं.

डिझेलवाल्यांनी इथं थांबून वाचावं. बीएस-६ डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. साधारण डिझेल ऑइल जळून जी राख उरते ती या फिल्टरात कायमची साठते. काजळी जाळून साफ करता येते, राख नाही. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं. डब्यावर ‘एसीईए सी२’, ‘सी३’ किंवा ‘डीएल-१’ अशा खुणा असतात. पुस्तिकेत जी असेल तीच हवी. ट्रॅक्टरचं सीआय-४ ऑइल ग्रेडनं जुळलं तरी या गाडीत चालत नाही.

याच गाड्यांचा आणखी एक त्रास. डीपीएफ स्वतःला साफ करत असताना गाडी मध्येच बंद केली, आणि असं वारंवार झालं, तर जादा सोडलेलं डिझेल खाली ऑइलात उतरतं. पट्टीवर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते. ‘माझी गाडी ऑइल पीत नाही’ म्हणून खुश होऊ नका. वरच्या खुणेच्या पुढं गेली असेल तर ऑइल लगेच बदला आणि आठवड्यातून एकदा तरी मोकळ्या रस्त्यानं सलग वीस-पंचवीस मिनिटं गाडी चालवा.

जुनी इकोस्पोर्ट सेकंडहँड घेतलेल्यांनाही एक सूचना. फोर्डनं २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि तेव्हापासून या गाड्या बाहेरच्या मेकॅनिककडं जास्त जातात. तिच्यातल्या १.० लिटर इकोबूस्ट इंजिनाचा टायमिंग बेल्ट ऑइलातच भिजत फिरतो. चुकीच्या ऑइलनं तो झडतो, त्याचे तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात, दाब जातो आणि इंजिन बसतं. या एका गाडीत ‘चालतंय की’ म्हणून चालणार नाही.

डबा घेताना:

- झाकणाचं सील अखंड आहे ना, बॅच नंबर आणि तारीख खाडाखोड नसलेली आहे ना, ते पाहा. क्यूआर कोड असेल तर दुकानातच मोबाइलनं तपासा.
- छापील किमतीपेक्षा फारच स्वस्त मिळत असेल तर संशय घ्या.
- रिकामा डबा भंगारात देण्याआधी त्याला खिळ्यानं भोकं पाडा. नकली ऑइल भरायला हेच डबे लागतात.

तुमच्या गाडीला घरी जमेल का?

बॉनेट उघडा, मग गाडीखाली वाकून बघा. चार गोष्टींवर ठरतं.

फिल्टर बाहेरून दिसणारा, डब्यासारखा, हातानं फिरवून निघणारा असेल तर काम सोपं. काही इंजिनांत प्लॅस्टिकच्या टोपीखाली कागदी फिल्टर असतो. त्या टोपीला ठरावीक मापाचा पाना लागतो, आणि पकडीनं ओढाताण केली की ती तडकते. खाली पत्र्याचं किंवा प्लॅस्टिकचं कव्हर असेल तर बोल्टपर्यंत पोचायलाच दहा-बारा स्क्रू आणि क्लिपा काढाव्या लागतात. त्यातल्या दोन क्लिपा हमखास तुटतात, म्हणून आधीच आणून ठेवा. खालचा ऑइलचा चेंबर ॲल्युमिनियमचा आहे का ते पाहा; असेल तर बोल्ट आवळताना जपावं लागतं. आणि काही महागड्या गाड्यांत ऑइलची पट्टीच नसते, पातळी स्क्रीनवर दिसते. त्या गाड्या घरी उघडू नका.

इलेक्ट्रिक गाडीला इंजिन ऑइल लागत नाही. तशी सर्व्हिसिंग कुणी बिलात लावली तर विचारा.

काम कसं करायचं

लागणारं सामान: पुस्तिकेत सांगितलेलं ऑइल, नवा फिल्टर, ड्रेन बोल्टचं नवं वायसर, योग्य मापाचा रिंग पाना (बऱ्याच गाड्यांत १४ किंवा १७ नंबर), फिल्टर पाना, रुंद तोंडाचं घमेलं, नरसाळं, चिंध्या, हातमोजे. छोट्या पेट्रोल गाडीत साधारण तीन ते साडेतीन लिटर ऑइल बसतं, स्कॉर्पिओ-इनोव्हासारख्या डिझेलात सहा-सात. पुस्तिकेत फिल्टरसह आणि फिल्टरविना असे दोन आकडे असतात, फिल्टरसहचा घ्या.

१. गाडी पाच-सात मिनिटं चालू ठेवून बंद करा. कोमट ऑइल पटकन उतरतं. उकळतं ऑइल हात भाजतं.

२. सपाट जमिनीवर उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. लोखंडी स्टँड लावा, नाहीतर गॅरेजचा खड्डा किंवा रॅम्प वापरा. विटांचा थर भार पडला की अचानक फुटतो. तो स्टँडच्या जागी चालत नाही. सोय होत नसेल तर काम मेकॅनिकला द्या. दोनशे-चारशे रुपयांची मजुरी वाचवायला छातीवर गाडी घ्यायची नसते.

३. वरचं ऑइलचं झाकण उघडा, मग खालचा बोल्ट सोडा. शेवटचे आटे हातानं, बोल्ट आत दाबून ठेवत फिरवा, म्हणजे तो घमेल्यात पडत नाही.

४. दहा-पंधरा मिनिटं निथळू द्या. बोल्टला नवं वायसर घाला. आधी हातानं बसवा, पान्यानं नंतर. पान्याला पाइप घालून ताणायची सवय ॲल्युमिनियमच्या चेंबरला मारक आहे. आटे गेले की चेंबरच बदलावा लागतो किंवा आतून नवे आटे पाडावे लागतात.

५. जुना फिल्टर काढलात की त्याचं रबरी सील त्याच्यासोबत निघालं का, ते डोळ्यांनी पाहा. ते बऱ्याचदा इंजिनाला चिकटून राहतं. त्यावरच नवा फिल्टर बसवला तर दोन सीलं एकावर एक येतात, आणि पहिल्याच मोठ्या फेरीत सगळं ऑइल रस्त्यावर जातं. गडबडीत होणारी सगळ्यात महाग चूक हीच. नव्या सीलला बोटानं ऑइल लावा, फिल्टर हातानं टेकवा आणि टेकल्यावर पाऊण फेरा. पाना लावून आवळायचा नाही.

६. सांगितलेल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी ओता. इंजिन चालू करा. तेलाच्या कुपीचं चिन्ह असलेला लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर लगेच बंद करा. मिनिटभर चालवून खाली वाकून गळती पाहा.

७. इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबा, पट्टी पुसून पुन्हा बुडवून बघा. दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ ऑइल यायला हवं. थोडं थोडं घालत तिथवर आणा. वरच्या खुणेच्या पुढं गेलं तर काढून टाका. जास्त ऑइल हे कमी ऑइलाइतकंच वाईट.

८. सर्व्हिसिंगचा दिवा किंवा सूचना पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणं रीसेट करा. तारीख आणि किलोमीटर चिठ्ठीवर लिहून बॉनेटच्या आत चिकटवा.

मेकॅनिककडं किंवा सेंटरला गेलात तर

गावात गेलात तर ऑइल नि फिल्टर स्वतः घेऊन जा, डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा. कंपनीच्या सेंटरात ऑइल बहुधा पिंपातून नळीनं भरतात, त्यामुळं बिलातले लिटर पुस्तिकेतल्या मापाशी जुळवा. साडेतीन लिटरच्या गाडीला साडेचार लिटरचं बिल लागलं असेल तर विचारायचा तुम्हाला हक्क आहे. जॉब कार्डवर काम आणि अंदाजे खर्च लिहून घेतल्याशिवाय चावी देऊ नका. जुना फिल्टर दाखवायला सांगा. “इंजिन फ्लश” आणि “ऑइल ट्रीटमेंट” या दोन गोष्टी पुस्तिकेत नसतील तर “नको” म्हणा.

काढलेलं काळं ऑइल

हे गटारीत, ओढ्यात किंवा उकिरड्यावर ओतू नका. त्यात जड धातू आणि कर्करोगाला कारण ठरणारी संयुगं असतात. जमिनीतून ते विहिरीत उतरतं. दाराच्या चौकटीला वाळवीसाठी, कुंपणाच्या खांबांना ते लावतात. सगळ्यात वाईट म्हणजे गोचीड जावेत म्हणून जनावरांच्या अंगाला चोळतात. ते त्वचेतून आणि चाटण्यातून जनावराच्या पोटात जातं. गोचिडांसाठी पशुवैद्यकाला विचारून औषध आणा.

वापरलेलं ऑइल घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांखाली येतं आणि १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा करून पुनर्प्रक्रियेला देण्याची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवर टाकलेली आहे. तुमच्यापुरतं एवढंच करा: नव्या ऑइलच्या डब्यातच जुनं भरा (त्या डब्याला मग भोकं पाडू नका), पाणी किंवा कूलंट मिसळू नका, फिल्टर रात्रभर उलटा ठेवून निथळा, आणि जे गॅरेज नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांना ऑइल देतं तिथं नेऊन द्या.

काम बिघडलं तर

मेकॅनिकनं ड्रेन बोल्टचे आटे घालवले, फिल्टर सैल ठेवला आणि वाटेत इंजिन बसलं, तर गाडी स्वतः सुरू करून पाहू नका. जागेवरच खालचे फोटो काढा, टोइंग करून न्या, दुसऱ्या मेकॅनिककडून लेखी कारण घ्या आणि काम करणाऱ्याला लेखी कळवा.

दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीतही तक्रार नोंदवता येते. त्यानंही भागलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, मोबदला म्हणून दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही आणि वकील लावायचं बंधन नाही. तक्रारदार जिथं राहतो किंवा काम करतो तिथंही या कायद्यानं तक्रार दाखल करता येते. म्हणजे सर्व्हिस सेंटर नांदेडचं असलं तरी शिरड शहापूरच्या माणसाला तक्रार हिंगोलीच्या जिल्हा आयोगात करता येते.